हरवलेले आईवडील इथे मिळतील

गूढ अनुभवांचा हा विभाग मी इतके दिवस फक्त वाचत होतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला. माझे वडील एसटीत कंडक्टर. मुक्कामाच्या गाडीवर अर्धा महाराष्ट्र फिरले, ओसाड स्टँडवर एकटे झोपले, आणि त्यांना आयुष्यात कधी काही दिसलं नाही. त्यामुळे आमच्या घरी असल्या गोष्टींना थाराच नव्हता. मीही तसाच वाढलो. तरी गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २००६ मध्ये, जे झालं ते एकदा कुणालातरी नीट सांगावंसं वाटतंय. लिहायची सवय नाही... मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. आणि घाबरण्यासारखं यात फारसं नाही, हेही आधीच सांगतो.

मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला मास्टर्स करतोय. मूळचा बार्शीचा. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे इथे आल्यावर बरेच महिने मी चुकून आत आलोय आणि कुणीतरी बाहेर काढेल असंच वाटायचं. उन्हाळ्यात कॅम्पसवर एक काम मिळालं. कुणीतरी दान दिलेल्या जुन्या स्लाइड्स स्कॅन करायच्या. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत बसवलेली रंगीत फिल्म. धूळ उडवायची, मशीनमध्ये ठेवायची, आणि चित्र डावं-उजवं उलटं आलेलं नाही ना ते बघायचं. चित्रात एखादी पाटी असली तर सोपं, अक्षरं उलटी दिसली की लगेच कळतं. पाटी नसली की चौकटीवर, तिच्या छापील बाजूवर, विश्वास ठेवायचा.

सगळ्या स्लाइड्स पन्नास-साठच्या दशकातल्या, एकाच कुटुंबाच्या. रस्त्याकडेची मोटेल्स, त्यांच्या निऑनच्या पाट्या, पेट्रोल पंप चालवणारा टोपीवाला माणूस, सिमेंटचा भला मोठा डायनॉसॉर आणि त्याच्या पायाशी उभी तीन पोरं. गाडीच्या बॉनेटवर ठेवलेली सँडविचेस. आणि मग एका जुन्या अम्यूझमेंट पार्कच्या कितीतरी स्लाइड्स... लाकडी रोलर कोस्टर, छोटी आगगाडी, पांढरे हातमोजे घातलेल्या बायका.

मला त्यांचं वेडच लागलं. आमच्या घरी सहलीचा असा फोटो एकच आहे, जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या विमानात बसून काढलेला. विमानाला खिडक्या चार आणि आम्ही पाच, म्हणून वडील बाहेर उभे. या स्लाइड्स बघताना मला जी हुरहूर लागायची ती कशाची, हे मला आजही सांगता येत नाही. तो काळ माझा नाही, देशही माझा नाही. तरी काम संपल्यावर मी त्या परत एकदा बघत बसायचो.

त्या पार्कच्या स्लाइड्समध्ये एक खोपटं होतं, पांढरं, लाल पट्ट्यांचं. लांबून काढलेल्या एका स्लाइडमध्ये त्यावरची पाटी वाचता येते. इंग्रजीत लिहिलंय त्याचा अर्थ, 'हरवलेले आईवडील इथे मिळतील'. म्हणजे चुकलेल्या पोरांना तिथे आणून बसवायचं, पण पोरांना वाईट वाटू नये म्हणून हरवलेत ते आईवडील असं म्हणायचं. मला ते फार आवडलं. जवळून काढलेल्या दुसऱ्या एका स्लाइडमध्ये खोपट्याच्या आतल्या भिंतीवर रंगवलेला हत्ती दिसतो. घरी येऊन रूममेटला सांगितलं. रूममेट निखिल, नागपूरचा.

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस यार. आई आली की तिकडेच सोडून येतो."

त्याची आई तेव्हा सहा आठवड्यांसाठी येणार होती. आली, आणि आमच्या अपार्टमेंटचा ताबाच घेतला. साडी, त्यावर निखिलचा स्वेटर, खाली स्पोर्ट्स शूज. इंग्रजी फक्त 'थँक्यू' आणि 'नो नो'. मला पहिल्या दिवसापासून 'बाबू' म्हणायच्या. एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर त्यांना काही स्लाइड्स दाखवल्या, मोटेल्सच्या, गाड्यांच्या. खूप वेळ बघून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरचे फोटो इतके काय पाहून राहिलास रे बाबू? मागच्या जन्मी इथलाच होतास की काय?"

तो पार्क अजून चालू आहे हे मला तोपर्यंत माहीत झालं होतं, दीड-दोन तासांच्या अंतरावर. एका शनिवारी आम्ही तिघं निखिलच्या जुन्या गाडीतून निघालो. मी मुद्दाम हायवे सोडून जुन्या रस्त्याने न्यायला लावलं. वाटेत स्लाइडमधलं एक मोटेल खरंच दिसलं, खिडक्यांना फळ्या मारलेलं, पाटीची नुसती लोखंडी चौकट उरलेली. मी गाडी थांबवायला सांगितली, तर निखिल आईला म्हणाला, "याला इथेच उतरवू, येताना घेऊन जाऊ."

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी संकष्टी होती. काकू घरून आणलेल्या कॅलेंडरवर बघून इथेही संकष्टी करायच्या. उपासाला साबुदाण्याची खिचडी डब्यात घेतली होती. आणि काकूंना डायबेटिस आहे. सकाळी त्यांनी रोजच्या सवयीने शुगरची गोळी घेतली, वर खाल्लं काहीच नाही, कारण खिचडी 'तिकडे गेल्यावर निवांत खाऊ'. हे आम्हा दोघांना तेव्हा माहीत नव्हतं.

पार्कमध्ये पोचल्यावर काकू म्हणाल्या, "तुम्ही या त्या झोक्यात बसून, मी इथे बसते." झोका म्हणजे लाकडी रोलर कोस्टर. सावलीतल्या बाकावर त्यांना बसवलं. सॅक मात्र सवयीने मी पाठीला लावून घेतली, आणि राइडच्या आधी ती लॉकरमध्ये ठेवावी लागली. डबा त्यातच.

रांग मोठी होती. परत आलो तर बाकावर काकू नव्हत्या.

पहिल्यांदा आम्हाला काही वाटलं नाही. रेस्टरूम बघितली, आइस्क्रीमची गाडी बघितली. मग मी निखिलला विचारलं, "काकूंनी सकाळी काही खाल्लं होतं का रे?" तो म्हणाला, "गोळी घेतली होती. मी स्वतः पाणी दिलं." आणि त्याचा चेहरा जो उतरला तो मी विसरणार नाही. गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर शुगर खाली जाते, माणूस बोलता बोलता बेशुद्ध पडतो. नागपुरात एकदा असं झालं होतं. तेव्हा घरात माणसं होती.

ऊन प्रचंड होतं. सिक्युरिटीच्या माणसाने वॉकीटॉकीवर सगळ्यांना कळवलं, 'इंडियन लेडी, ऑरेंज ड्रेस'. लाउडस्पीकरवर अनाउन्समेंट केली. निखिल त्याला म्हणाला, तिला इंग्रजी येत नाही, मी बोलू का? तर त्या भल्या माणसाने माइकच त्याच्या हातात दिला. आणि त्या सगळ्या गर्दीवर, पाळण्यांच्या संगीतावर, निखिलचा आवाज आला, "आई... मी निखिल बोलतोय. जिथे असशील तिथेच बस. कुणालातरी हात कर. तुझ्याजवळ खायला काही आहे का गं?"  त्याने माइक परत दिला.

आम्ही वेगवेगळ्या दिशांना गेलो. मला काहीच सुचत नव्हतं. तेवढ्यात मला ते खोपटं आठवलं. तिथे काकू असतील असं वगैरे काही मला वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. डोक्यात दुसरं काही नव्हतंच, म्हणून गेलो. स्लाइड्समध्ये ते रोलर कोस्टरच्या पहिल्या उताराच्या मागे, आगगाडीच्या रुळांच्या पलीकडे होतं. आता तिथे जाळीचं कुंपण आहे. पार्कचा तो भाग बंद करून कित्येक वर्षं झालीत. रूळ उखडलेत, स्पीकरही नाहीत. कुंपणाचं एक दार अर्धवट उघडं होतं. आत कमरेएवढं गवत.

गवतात सिमेंटचा एक चौकोनी ओटा होता, खोपट्याचा पाया असावा. त्यावर मेपलच्या सावलीत काकू बसल्या होत्या. पाय हलवत.

मी ओरडलो असेन बहुतेक. त्या शांतपणे म्हणाल्या, "आलास? निखिल मिळाला का?"

"काकू, तुम्ही कुठे गेलात?"

"मी कुठे जाते? तोच तर हरवला. झोक्यातून उतरलेलाच दिसला नाही. मग मला गरगरायला लागलं." तेवढ्यात एक बाई आली म्हणे. पांढरे हातमोजे घातलेली. तिने हात धरला. "काय बोलून राहिली ते समजलं नाही. मी आपलं मराठीत सांगितलं, माझा मुलगा हरवलाय. तिनं मान हलवली, जसं काही रोजचंच आहे तिचं. इथे आणून बसवलं, लाल सरबत पाजलं. उपासाला चालतं की नाही कोण जाणे, पण पिऊन टाकलं."

त्यांची जीभ लाल होती. मी स्वतः बघितली. आसपास ग्लास नव्हता, कप नव्हता, गवतात माझ्या पावलांशिवाय वाट नव्हती... म्हणजे मला तरी दिसली नाही. मी घाबरलेलो होतो, हेही धरून चाला.

माझा फोन मिळाल्यावर निखिल धावत आला. आईजवळ गुडघ्यावर बसला आणि तिच्या मांडीत डोकं घालून रडला. काकू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाल्या, "बघ, इतका मोठा झाला." फर्स्ट एडच्या नर्सने बोट टोचून शुगर बघितली. अगदी नॉर्मल. तिने विचारलं, इतक्यात काही गोड दिलंत का?  निखिल म्हणाला, "यस." बाकी काय सांगणार?

परतताना गाडीत काकू खिचडी खात होत्या. खाता खाता म्हणाल्या, "मला तर वाटलं देवळातच आणलं. त्या खोलीच्या भिंतीवर एवढा मोठा हत्ती काढलेला. संकष्टीचा दिवस, मी हात जोडले. उजव्या सोंडेचा होता हो. उजव्या सोंडेचं सोवळं फार कडक असतं, म्हणून मी चपला... म्हणजे ते बूट, काढून बसले."

बूट त्यांनी खरंच काढले होते. ओट्याखाली ठेवले होते, जोडीने.

"खोली?" निखिलने आरशातून माझ्याकडे बघितलं. तिथे खोली नव्हती.

घरी आल्यावर तो मला म्हणाला, "तू आईला दाखवला असशील तो फोटो. ऊन, भूक, त्यात शुगर लो... डोक्यात मिसळलं असेल सगळं. सरबत कुणीही दिलं असेल. चांगली माणसं असतात ना यार." मलाही ते पटलं. पटायला हवंच होतं. खोपट्याची ती जवळून काढलेली स्लाइड मी काकूंना दाखवल्याचं मला आठवत नव्हतं, पण आठवणीचं काय सांगावं.

फक्त एक गोष्ट खटकत होती. मी स्कॅन केलेला हत्ती डाव्या सोंडेचा होता. आपल्याकडच्या माणसाचं लक्ष तिकडे जातंच, माझंही तेव्हा गेलं होतं.

सोमवारी मी ती स्लाइड परत काढली. त्या चित्रात पाटी नाही, अक्षर नाही. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक जराशी मंद. उजेडात तिरकी धरून बघितली. चौकटीच्या छापील बाजूला जी बाजू यायला हवी, तिच्या उलट बाजू आली होती. कुणीतरी पूर्वी कधीतरी फिल्म काढून चौकटीत उलटी बसवली असावी. मी चौकटीवर विश्वास ठेवला होता. फिल्म सुलटी करून परत स्कॅन केली, आणि स्क्रीनवर हत्ती आला तो उजव्या सोंडेचा.

म्हणजे काकूंनी माझा स्कॅन बघितला असता तरी त्यांना डाव्या सोंडेचाच आठवला असता. सुलटा हत्ती आमच्या घरात कुणीच बघितलेला नव्हता. मीसुद्धा.

मी सुपरवायझरला इतकंच सांगितलं की एक स्लाइड उलटी होती, दुरुस्त केली. ती म्हणाली, गुड कॅच.

यावर मी खूप विचार केला. पार्कला ईमेल करून विचारलं की त्या दिवशी कर्मचाऱ्यांपैकी कुणी हातमोजे घालून होतं का. तसा कुणाचा युनिफॉर्म नाही, असं उत्तर आलं, आणि तुमच्या आईला बरं वाटतंय ना, अशी चौकशी. माझी आई नाही, हे मी कळवलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. मला स्वतःला आजवर काही सापडलेलं नाही, आणि ते सापडत नाही म्हणून आता झोपही उडत नाही.

काकू नागपूरला सुखरूप आहेत. गोळीआधी खातात. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला तेव्हा निखिल अंघोळीला गेला होता, म्हणून मी घेतला. बराच वेळ बोलल्या. शेजारच्या मुलीचं लग्न, नवा मिक्सर, गुडघे. मी नुसतं हो-हो करत त्यांचा आवाज ऐकत होतो.

निखिल बाहेर आला. "काय म्हणाली आई?"

"जेवलात का, विचारत होत्या."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "तांदूळ धू तू, मी कुकर लावतो."