आक्काने टॉवरवाल्याला विचारलेलं

आक्का 'एक इचारू?' म्हणाली की ग्रामसभेतली अर्धी माणसं तंबाखू मळायला घ्यायची. एकावर ती कधी थांबलीच नाही. मी धसईजवळच्या एका ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक आणि ती तिथली सदस्य. हातपंपाचा साधा ठराव असला तरी हिचं सुरू, 'बिघडला तर येनार कोन? तो नाय आला तर दुसरा कोन?' डोकं उठवलं होतं माझं.

धसईच्या बाजारात ती भेंडी विकायची. सगळा माल एका व्यापाऱ्याला कधी दिला नाही, कल्याणच्या दोघांना अर्धा अर्धा. दुसरा कुरकुरत घ्यायचा, तरी त्याला धरून ठेवायची. 'भाऊसाहेब, हा गेला ना, का पयला माझ्याशी बोलनारच नाय. निस्ता भाव सांगंल,' म्हणायची. सभेतही हे सुरू झालं की मी घड्याळ बघायचो. मुरबाडची बस चुकायची ना माझी.

मोबाइल नवे नवे आले तेव्हा एका कंपनीचा साहेब टॉवरसाठी सभेत आला. रेंज धरेल अशी जागा एकच, पंचायतीचं टेकाड. करारात कलम होतं की पंधरा वर्षं तिथे दुसऱ्या कंपनीला पाय ठेवू द्यायचा नाही. लोकांनी काय विचारावं? देवळाला पत्रे देणार का, क्रिकेटच्या पोरांना टी-शर्ट देणार का! साहेब सगळ्यांना हो म्हणत होता. मग आक्का उठली.

'दुसऱ्याला टेकाड का नाय? तुमी चांगले, तर भ्या कसलं?'

साहेब नुसता हसला.

'बरं, उद्या तुमाला सोडलं तर माझा नंबर माझ्यासंगती येल?'

'नाही आजी, नंबर कंपनीचा असतो.'

'मंग माझी गिऱ्हाइकं पन तुमचीच झाली की.'

साहेबाचा चहा गार होत होता. मी म्हणालो, 'आक्का, बास आता.' ठरावाला तिने हात वर केला नाही. जाताना एवढंच म्हणाली, 'मी इचारलं ते लिवा बरं का.' मी हो म्हटलं आणि वहीत लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर.

परवा टीव्हीवर कुठल्याशा देशाचे खासदार संगणकवाल्या कंपन्यांच्या बड्या साहेबांना समोर बसवून प्रश्न विचारत होते. एकाने विचारलं काय, तर माझा फोन सारखा का अडकतो? माझं टाळकंच सरकलं. 'अरे, त्यांना सोडून जाता येतं का ते विचारा,' मी ओरडलो. बायको म्हणाली, 'कुणावर खेकसताय?' काय सांगणार तिला.

आमच्या टेकाडावर टॉवर उभा राहिला आणि चारेक वर्षांनी तो आठ आठ दिवस बंद पडू लागला. ऐन भेंडीच्या तोडणीत आक्काचा फोन मुका, आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांकडे तोच नंबर. फोन लागेना म्हणून त्यांनी दुसरीकडून माल उचलला. दुसरी कंपनी यायला तयार होती, पण टेकाड करारात अडकलेलं. आक्का पंचायतीत आली. 'त्या सभेची नक्कल द्या. तालुक्याला दाखवते, आमी आधीच इचारलेलं.'

नक्कल दिली. न देऊन कुठे जाणार होतो? तिने 'सर्वानुमते मंजूर' या ओळीखाली बोट धरून ती दोनदा वाचली. आता विचारेल, म्हणून मी मान खाली घालून बसलो. तिने कागदाची घडी केली, माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली.

माझी बदली होईपर्यंत ती प्रत्येक सभेला आली. भिंतीला टेकून बसायची. सभा वीस मिनिटांत उरकायची, बस कधी चुकली नाही. आक्काने मला पुन्हा काहीच विचारलं नाही.