इंजिनाला पोळ्याचं आवतन

बार्शीटाकळीच्या कौशल्याबाईंच्या घरची पिठाची चक्की तेलाच्या इंजिनावर चालायची. नवरा खुशालराव सकाळी इंजिन सुरू करत, ते थेट दिवेलागणीला बंद. मधे दळण नसलं तरी ते रिकामंच पुकपुकत राही. कारण एकदा थंड झालं की ते लवकर चालू होत नसे. मोठं चाक फिरवताना दोन माणसांचे हात भरून येत.

"बैलबी दुपारी सोडता न जी तुमी," कौशल्याबाई म्हणायच्या. "याले घडीभर बंद केलं तं काय होते?"

"बैल हाक मारली का उठते. हे उठते काय?"

त्यांना ते पटत नसे. राबणाऱ्याला विसावा हवा, एवढा एकच त्यांचा हट्ट. सणावारी त्या जात्यालाही हात लावत नसत.

अठ्ठावन्न सालचा पोळा. आदल्या दिवशी चक्कीत गव्हाच्या डब्यांची रांग लागली होती. उद्या घरोघरी पुरणपोळ्या. बैलांना घास दिल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं. सांजेला बाईंनी रिवाजाप्रमाणे बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. वाटीत थोडं लोणी उरलं. आपल्याकडे खांदा देणारा आणखी एक आहे, असं मनात आलं आणि त्या तशाच चक्कीत गेल्या. चाकाचा दांडा जिथे फिरतो त्या बेअरिंगवर त्यांनी लोण्याचं बोट लावलं.

चर्र झालं. धूर निघाला.

"अवो, हे तं जळून राह्यलं जी."

खुशालरावांनी हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. चालू ठेवावं तर दांडा तापून अडकणार आणि इंजिन कायमचं जाणार. बंद करावं तर उद्या गावाच्या पोळ्या अडणार. ते डब्यांकडे पाहतच राहिले.

"पाहून काय राह्यले? बंद करा."

त्यांनी बंद केलं. रांगेतल्या पार्बताबाई म्हणाल्या, "झालं. आता बैलायले का कोरडा गहू चारू?"

"चार न माय," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुह्या पोळ्यायपरीस थोच नरम लागन त्यायले."

बाया हसल्या. पार्बताबाईही हसल्या.

इंजिन निवलं तेव्हा कळलं, तेलाची नळी पिठाच्या चिकट्यानं बुजून गेली होती. इंजिन सदा चालू, त्यामुळे ती उघडून पाहायची सवड कधी मिळालीच नव्हती. खुशालरावांनी तारेनं नळी मोकळी केली, तेल भरलं. घरच्या दोघा गड्यांनी चाक फिरवलं, काही नाही. पुन्हा फिरवलं, नुसता खोकला. बाई महादेवाचं नाव घेत उभ्या होत्या. मग रांगेतले आणखी दोघे हात लावायला आले आणि इंजिन चालू झालं. पुकपुक सुरू झाली. सगळ्यांचं दळण निघालं.

पोळ्याला चक्की दिवसभर बंद राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुकपुक थांबली आणि खुशालराव हात धुऊन पाटावर बसले. बाईंनी भाकर वाढली. एरवी एक कान चक्कीकडे लावून भराभरा उरकणारा माणूस त्या दिवशी आणखी एक भाकर मागून घेऊन जेवला.