त्या रात्री सहदेव कुठे होता

कोपरच्या खाडीकाठचा रिवाज जुना. गावात मयत झालं की त्या दिवशी कुणाची होडी पाण्यात जायची नाही, मग मासळी कितीही लागलेली असो; आणि जीव जाताना घरचंच माणूस दर्यावर असलं तर तो मोठा दोष. गोमाजी कोळ्याने हा रिवाज जन्मभर पाळला. आणि नेमका तोच गेला तेव्हा त्याचा सख्खा मुलगा सहदेव दर्यावर होता. की नव्हता? इथेच तर सगळं घोडं अडलं.

सहदेव हवाईदलात. पंच्याऐंशी साली रशियाहून चार जेट इंजिनांचं अवाढव्य मालवाहू विमान आलं, त्याचं नाव ठेवलं गजराज. त्याच्या पोटात धान्य, गाड्या, जवान, वाट्टेल ते जायचं. माल साखळ्यांनी जखडायचं काम सहदेवचं. कोळ्याचाच पोर, त्याची गाठ कधी सुटली नाही. पण त्या पोटातून बाहेरचं काही दिसेल तर शपथ! लेहला गेला, श्रीलंकेला गेला. पाहिल्या काय, तर साखळ्या.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात जवान भरून गजराज आग्र्याहून संध्याकाळी उडालं आणि रात्री मालदीवला उतरलं. परत आल्यावर तार हातात पडली. बाप त्याच रात्री जेवणवेळेला गेला होता. सहदेवने वैमानिकाला गाठलं. तेव्हा विमानाखाली शेतं होती की समुद्र? वैमानिकाने विचारलं, "नेमके किती वाजता गेले?" आता ते कोण सांगणार? चुलतभाऊ नाथा म्हणे आठ, शेजारीण सगुणा म्हणे साडेनऊ.

आई आवडाबाईने एकच विचारलं, "त्या येलेला तू दर्यान व्हतास का?" सहदेव खाली मान घालून बाहेर निघून गेला. मग नारळी पुनवेला घरचा नारळ खाडीत सोडायचा मान तिने नाथाला दिला. सात वर्षं सहदेव रजेवर यायचा आणि परक्यासारखा काठावर उभा राहायचा. फार लागायचं त्याला ते.

पंच्याण्णवला तो निवृत्त होऊन घरी आला. पुनवेच्या सकाळी त्याने आईचे पाय धरले. "आई, खोटं कसं बोलू? मला खरंच नाय ठाऊक गं. तेव्हा पण नव्हतं, आज पण नाय."

आवडाबाईने नाथाच्या हातातला नारळ काढून घेतला.

"येवढंच व्हतं तं सात वरसं बोलला का नाय रे? मना वाटलं, व्हतास म्हणून तोंड लपवतस." तिने नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला. "व्हतास तरी बापाची माफी माग, नव्हतास तरी माग. आन् सोड."