पडवीतले दहा कन्सोल

पिरंगुटच्या आमच्या कारखान्यात हातात मावणारे गेम कन्सोल बनतात. गेल्या पावसाळ्यात ऑर्डर देणाऱ्यांनी सांगितलं, दिवाळीआधी याचंच स्वस्त मॉडेल द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. खर्च उतरवायचं काम माझ्याकडे आलं. सहाच्या जागी चार स्क्रू केले, खोक्यातला प्लास्टिकचा ट्रे पुठ्ठ्याचा केला. तरी थोडं कमी पडत होतं. उरलं सर्किट बोर्डावरचं कोटिंग, ओलावा लागू नये म्हणून दिलेला पातळ लेप. तो काढला की भागत होतं.

पण लेपाशिवाय कन्सोल टिकेल का? मी साहेबांना म्हणालो, "आमच्या ताम्हिणीत या दिवसांत मिठाचं पाणी होतं. दहा कन्सोल घरी ठेवून बघतो."

"घाटातली फुकट लॅब! घेऊन जा."

लेप नसलेले दहा कन्सोल मी पडवीतल्या फळीवर मांडले आणि कामावर परतलो. तीन आठवड्यांनी पाहिलं, तर दहाच्या दहा चालू. मी साहेबांना फोन लावायला उठलो, तेवढ्यात भाकरी थापणारी आई म्हणाली, "चालू असणारच की. तू गेलास अन् मी समदे उचलून चुलीवरच्या माळ्यावर ठेवले, बियाण्याशेजारी. कोरडे खडखडीत हायेत."

"अगं आई, ते ओलीतच ठेवायचे होते!"

"येवढं शिकलास अन् चांगली वस्तू ओलीत ठेवतोस? कालिजात ह्येच शिकवलं व्हय?"

तिच्या शेळ्यांवरच माझं कॉलेज झालं होतं. 'दहाही चालू' एवढंच कळवलं असतं, तर कोणी काही विचारलं नसतं. मी साहेबांना सगळं सांगितलं. ते खो खो हसले. "आईंना क्वालिटी विभागात घेऊ या. आता पुन्हा ठेव."

या वेळी आईनं कन्सोलला हात लावला नाही. फक्त पडवीतून जाताना तोंड फिरवायची. "बघवत न्हाई रे," म्हणायची.

सात चालले, तीन बंद पडले. तिन्हींत चार्जिंगच्या खाचेजवळचं तांबं हिरवं पडलं होतं, बाकी बोर्ड स्वच्छ. मग लेप तेवढ्याच जागी ठेवला, उरलेला काढला. त्यातही भागलं. पुन्हा दहा ठेवले, दहाही चालले. ऑर्डर आमच्याकडेच राहिली.

स्वस्त मॉडेलचा पहिला कन्सोल मी घरी नेला. आईनं तो पदरानं पुसला.

"ह्यो कुटं ठेवू?"

"कुठंही ठेव," मी म्हणालो.