चोराने आमचंच घर निवडलं

मंडळी, आज एका माणसाने माझ्या डोळ्यांदेखत चोरीसाठी आमचं घर निवडलं. घाबरू नका, घर खोटं होतं.

माझी भाची मानसी गुन्हेगारांच्या मनाचा अभ्यास करते. चोर घर कसं हेरतो हे कळावं म्हणून तिने व्हीआर चष्म्यात दिसणारी अख्खी गल्ली उभी केलीय, हुबेहूब आमच्या भिंगारच्या गल्लीसारखी. त्यात आमचंही घर, दाराला भलंमोठं कुलूप. हे घर तो सोडणारच, अशी मी पैज लावली होती.

चष्मा घालणारे गृहस्थ पूर्वी घरफोड्या करायचे. शिक्षा भोगून आता नागापूरला वेल्डिंग करतात. खुर्चीत बसूनच ते गल्लीभर फिरले आणि आमच्या दारात थांबले.

"हेच. एवढं कुलूप म्हंजी घरात कुनी न्हाई. आन् दारात रांगोळी पन न्हाई."

मानसीने ना नाक मुरडलं, ना उपदेश केला. एक बटण दाबून आमच्या दारात ताजी रांगोळी आणली. "आता?"

"आता न्हाई, ताई. सकाळीच कुनीतरी हितं वाकून गेलंय. ह्या घराकडं लक्ष हाय कुनाचं तरी."

पोरीच्या हुशारीला मी मनातल्या मनात सलाम ठोकला. आणि एकदम शेजारच्या काकू आठवल्या. आम्ही गावाला गेलो की त्या रोज आमच्याही दारात रांगोळी काढतात. "बंद घरापुढं कशाला हो काकू?" म्हणून मी दरवेळी हसायचे.

तुम्ही गावाला गेल्यावर तुमच्या दारात कोण वाकतं?