दादांचा नारिंगी बाण

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये सकाळ होती आणि मी निहारचा शाळेचा डबा भरत होते. त्याला आता सहा आठवडे झाले. सासऱ्यांबद्दल सुनेनं चार गोड शब्द लिहून मोकळं होता येतं, पण मला आधी माझी एक चूक सांगायची आहे.

दादा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, त्यामुळे घाई हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता; आणि मी कायम घोड्यावर स्वार. तीन वर्षांपूर्वी ते हिवाळ्यात आमच्याकडे आले. बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून त्यांनी नागपूरहून आणलेले जुने फोटो मी स्कॅन केले. त्यातली माणसं ओळखणारे आता ते एकटेच उरले होते. ते माऊसने एकेका चेहऱ्यावर बाण नेत, नाव सांगत, मी टाइप करत असे. एका लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या मुलीपाशी बाण थांबला. "थांब गं वैशाली, आठवतंय... अगदी ओठांवर आहे." माझा ऑफिसचा कॉल पाच मिनिटांवर आला होता. "दादा, द्या इकडे, नेक्स्ट करते," म्हणत मी त्यांच्या हाताखालून माऊस ओढला. त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरपाशी आलेच नाहीत. "तूच कर, मी उगीच मध्ये येतो," एवढंच म्हणाले. तेव्हा सात वर्षांचा असलेला निहार मला म्हणाला, "मॉम, दॅट वॉज आजोबाज टर्न!" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ऑफिसातल्या एका मित्रानं एकाच कॉम्प्युटरला दोन माऊस जोडून दोन वेगळे बाण फिरवून दाखवले होते. "यार, आधी एक तर नीट चालव," म्हणून आम्ही त्याची टर उडवली होती. आता त्याच्याच मागे लागून फोटोंसाठी तसा प्रोग्राम करून घेतला. दादांचा बाण मोठा, नारिंगी. माझा लहान, निळा. दादांनी पहिल्याच दिवशी हद्द आखून दिली. "तुझा बाण कोपऱ्यात. मी हाक मारली की ये." मग मला कळलं, दादा हळू नव्हते, ते नीट बघत होते. नारिंगी बाण एकेका चेहऱ्यावर कितीतरी वेळ उभा राही, आणि नावामागोमाग त्या माणसाची विहीर, भाऊबंदकी, हरवलेला बैल... सगळं येई. मी जीभ आवरून ऐकत बसे.

परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो लग्नाचा फोटो पुन्हा काढला. बाण त्या मुलीवर ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्या दिवशी आलं होतं गं... आता नाही येत." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दोन्ही माऊस अजून टेबलावर आहेत. परवा प्रोग्राम सुरू केला, तर दोन्ही बाण मधोमध उभे. सगळ्या चेहऱ्यांखाली नावं, फक्त लग्नाच्या फोटोतल्या त्या मुलीखालची चौकट रिकामी. निहार म्हणाला, "मॉम, जस्ट टाइप अननोन."

"थांब," मी म्हटलं, आणि निळा बाण कोपऱ्यात नेऊन ठेवला. दादांनी अजून हाक मारलेली नाही.