मशिदीच्या हौदावर

ओल्या दगडाचा वास आला की उमरखेडकडची ती जुनी मशीद आठवते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन मला वर्षही झालं नव्हतं. फिरायला बरोबर आलेल्या दोन्ही मित्रांनी हौदात हात बुडवून धुतले. मी मात्र सवयीने ओंजळ धरून काठावर उभा राहिलो. गावात आम्हाला पाणी वरूनच वाढत. तिथले म्हातारे चाचा जवळ आले. "ओंजळ कायले धरली, बेटा?" एक मित्र कुजबुजला, "सांगू नोको बे, हाकलतीन." तरी मी भीत भीतच म्हणालो, "चाचा, गावात आम्हाला विहिरीला शिवू देत नाहीत." चाचा खेकसले, "मंग इथं पाणी वाढाले नोकर ठेवला का मी? बुडव हात!" मी कोपरापर्यंत बुडवले. आज हे ऐकून माझी मुलं विचारतात, त्यात घाबरण्यासारखं काय होतं? तेव्हा मला बरं वाटतं.